पात्यावरचा लांडगा कुठून आला?

२०२५ साली महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांच्या नावाची तलवार विकत घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली. सगळा खर्च धरून ४७ लाख १५ हजार रुपये लागले, हे बहुतेकांच्या लक्षात राहिले. माझे डोळे मात्र खिळले ते पात्याच्या पाठीजवळ सोन्यात जडवलेल्या एका ओळीवर: 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग'. आधी नाव, मग छत्रपती शाहूंनी दिलेला किताब आणि शेवटी तो एकच शब्द, फिरंग.

फिरंग म्हणजे फिरंग्यांच्या मुलखात घडलेले पाते. बहुतेक वेळा सरळ, लांब, पाठीकडून जाड. सतराव्या-अठराव्या शतकात अशी पाती युरोपातून जहाजांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरत आणि इथले कारागीर त्यांना आपली मूठ चढवत. मूठ इथली, पाते तिकडचे. रघूजींची ओळ ज्याने कोरली त्याला हे चांगले ठाऊक होते. ते लपवावे असे त्याला वाटले नाही, उलट ते त्याने सोन्यात लिहून ठेवले.

जुन्या तलवारीवरच्या खुणा वाचायच्या तर इथूनच सुरुवात करावी असे मला वाटते. एकाच पात्यावर दोघा-तिघांनी, कधी त्याहून जास्त जणांनी, वेगवेगळ्या काळात आपापले काही लिहिलेले असते. जर्मनीतल्या लोहाराने ठसा मारला, दख्खनमधल्या कोफ्तगाराने, म्हणजे पोलादावर सोने बसवणाऱ्या कारागिराने, सोने चढवले, कुठल्यातरी सिलेखान्याच्या, म्हणजे शस्त्रागाराच्या, कारकुनाने क्रमांक घातला, आणि शंभर वर्षांनी एखाद्या दुकानदाराने किंमत वाढावी म्हणून एक खोटे नावही जोडले. सगळे शेजारी शेजारी बसलेले. आपण ते एका माणसाचे बोलणे समजून वाचू लागलो की अर्थाचा अनर्थ होतो. म्हणून खूण काय सांगते हे विचारण्याआधी ती कोणी, कशाने आणि कधी उमटवली हे विचारावे.

यातला 'कशाने' सर्वांत सोपा, कारण तो डोळ्यांनी दिसतो.

लोहाराचा ठसा खोल असतो आणि त्याच्या कडा गोलसर दबलेल्या असतात, कारण तो पाणी देण्याआधी, म्हणजे तापलेले पाते बुडवून कडक करण्याआधी, लोखंड मऊ असताना मारलेला असतो. पाणी दिलेल्या कडक पोलादावर ठसा ठोकायला गेलात तर तो नीट उठत नाही आणि पाते तडकण्याची भीती असते. म्हणून खोल ठसा दिसला की तो बहुधा पाते जिथे घडले तिथलाच, असे धरून चालता येते. छिन्नीने काढलेली रेघ निराळी, ती सुरुवातीला रुंद आणि शेवटी निमुळती होत जाते. कधी त्या रेघेच्या खोबणीत पितळेची किंवा तांब्याची तार ठोकून बसवलेली असते. सोन्याचे काम दोन तऱ्हेचे. खोबण खोदून त्यात सोने भरले तर तहनिशान, आणि पृष्ठभाग बारीक रेघांनी खरबरीत करून त्यावर तार किंवा पत्रा दाबून बसवला तर कोफ्तगिरी. ही दोन्ही कामे पाते तयार झाल्यावर वर्षाने होऊ शकतात, तशी दोनशे वर्षांनीही. म्हणून सोन्यातले नाव पात्याच्या जन्माबद्दल काहीच सांगत नाही. ते सांगते मालकाबद्दल, किंवा पुढे कोणीतरी ज्याला मालक मानले त्याच्याबद्दल.

आणि टोकदार हत्याराने टिंब टिंब मारून लिहिलेली अक्षरे दिसली, तर ती बहुतेक शस्त्रागाराची नोंद असते. तिच्याकडे पुढे येऊ.

लांडगा

माझ्या आजोळी खंडेनवमीला एक फिरंग पाटावर मांडत. मुठीपासून वीतभर अंतरावर, पात्याच्या पन्हळीत, म्हणजे त्याच्या लांबीभर जाणाऱ्या खोबणीत, सात-आठ आडव्यातिडव्या रेघा होत्या. मामा म्हणायचे, ही घोरपड. तानाजीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आम्हा पोरांना ते लगेच पटायचे. चार पाय दिसत, शेपूट दिसे. पुढे बऱ्याच वर्षांनी एका संग्रहालयाच्या सूचीत तंतोतंत त्याच रेघा छापलेल्या पाहिल्या आणि खाली लिहिले होते: धावता लांडगा.

हा लांडगा पासाउचा. पासाउ हे डॅन्यूब नदीवरचे बव्हेरियातले शहर. त्याच्या राजचिन्हात आजही लाल लांडगा आहे. मध्ययुगात तिथल्या पाती घडवणाऱ्यांची मोठी ख्याती होती आणि चौदाव्या शतकापासून त्यांच्या पात्यांवर हा लांडगा दिसतो. जुन्या पात्यांवर रेघांत पितळ भरलेले असे. माल इतका नावाजला की ऱ्हाइनकडच्या झोलिंगेन गावच्या कारागिरांनीही तोच लांडगा आपल्या पात्यांवर काढायला सुरुवात केली. झोलिंगेन पुढे साऱ्या जगाला पाती पुरवू लागले आणि लांडगा त्यांच्याबरोबर सगळीकडे गेला. हात सराईत होत गेले तसा लांडगा आटत गेला: आधी अंगावरचे केस गेले, मग कान, आणि शेवटी छिन्नीचे सात-आठ फटके उरले. ठाऊक नसेल तर त्यात कोणालाही लांडगा दिसणार नाही.

कॉकेशसच्या डोंगरी मुलखातही अशी पाती पोचली. तिथल्या लोकांना त्या रेघांत माकड दिसले आणि त्या जातीच्या पात्याला त्यांनी 'तेर्स मायमल' असे नाव दिले. मायमल म्हणजे माकड. आमच्या मामांची घोरपड त्याच वाटेने आली. मला त्यात चूक दिसत नाही. वस्तू आपल्या घरात नांदायला लागली की घर तिच्यात आपलेच प्राणी पाहते. फक्त तारीख आणि ठिकाण ठरवताना घोरपड बाजूला ठेवून लांडगा मोजावा लागतो. आणि तेव्हाही निष्कर्ष एवढाच निघतो की पाते पासाउच्या किंवा झोलिंगेनच्या परंपरेतले आहे, किंवा त्या परंपरेची नक्कल आहे. यातले नेमके काय, ते लांडगा एकटा ठरवू शकत नाही. पन्हळी किती, पात्याचा छेद कसा, वजन किती, लोखंडाचा पोत कसा, हे सारे सोबत पाहावे लागते.

झोलिंगेनच्या आणखी खुणा आपल्याकडच्या फिरंगींवर सापडतात. मुकुट घातलेले राजाचे डोके ही व्हुंडेस घराण्याची खूण. गोळ्यावर उभा क्रूस ही तर अनेकांनी वापरलेली. ती पुष्कळदा रेघांच्या टोकाला काढतात, त्यामुळे आपल्याकडे कोणी तिला त्रिशूळ म्हणते तर कोणी डमरू.

नाव म्हणजे सही नव्हे

अक्षरे दिसली की आपल्याला हायसे वाटते. अक्षर खोटे कशाला बोलेल? पण पात्यांच्या दुनियेत नावांवर फार जपून विश्वास ठेवावा लागतो.

आंद्रेया फेरारा हा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हेनिसच्या राज्यातल्या बेलुनो गावी काम करणारा खराखुरा कारागीर. त्याचा भाऊही त्याच धंद्यात होता. त्यांची पाती इतकी गाजली की पुढची दोनशे वर्षे स्कॉटलंडच्या रुंद तलवारींवर त्याचेच नाव येत राहिले. त्यातली बहुतेक पाती झोलिंगेनची. आणि स्पेलिंग पाहाल तर फेरारा, फरारा, आंद्रिया, आंद्रेइया, जसे हाताला येईल तसे. कोरणाऱ्याला इटालियन येत नव्हती, त्याला फक्त हे नाव खपते एवढे माहीत होते. स्पेनमधल्या टोलेडोच्या साहागुन या नामांकित घराण्याचेही तसेच. 'साहागुम' असे शेवटी म असलेले नाव दिसले की ते पाते बहुतेक जर्मन समजावे. चुकलेले अक्षरच कधी कधी खरा पत्ता देते.

ही सवय फार जुनी आहे. युरोपातच नवव्या ते अकराव्या शतकांतल्या सुमारे १७० तलवारींवर 'उल्फबर्ट' हे नाव लोखंडी अक्षरांत जडवलेले मिळाले आहे. एक माणूस दोनशे वर्षे तलवारी घडवत बसणार नाही. ते नाव कधीतरी एखाद्या माणसाचे असेल, पण पुढे ते मालाच्या प्रतीचे नाव झाले.

पूर्वेकडे हेच 'असदुल्ला इस्फहानी'चे झाले. इराणी पात्यांवर मुठीजवळ पानाच्या किंवा ढालीच्या आकाराच्या चौकटीत सोन्याने लिहिलेले असते, 'अमल-ए असदुल्ला इस्फहानी', म्हणजे इस्फहानच्या असदुल्लाचे काम. शेजारी पुष्कळदा दुसरी चौकट असते: 'बंदा-ए शाह-ए विलायत अब्बास'. विलायतेचा शाह म्हणजे हजरत अली, त्याचा सेवक अब्बास, म्हणजे इराणचा शाह अब्बास. पहिल्या शाह अब्बासने १५८८ ते १६२९ राज्य केले. पण असदुल्लाच्या नावाची पाती त्याच्या कितीतरी नंतरच्या काळातलीही आहेत. शिवाय असदुल्ला या शब्दाचा अर्थच 'ईश्वराचा सिंह', आणि ती अलींची उपाधी. तेव्हा तो कारागीर होता, घराणे होते, की उत्तम पात्याला मिळणारा किताब होता, यावर अभ्यासकांत वाद आहे. ज्याच्या घरी असे पाते आहे त्याने आपल्याकडे शाह अब्बासची तलवार असल्याचे सांगत सुटू नये, आणि त्याला कोणी थेट बनावटही म्हणू नये. त्या नावाचा त्या काळचा अर्थ 'हे पाते पहिल्या प्रतीचे', असा घेतला तर फारसे चुकत नाही.

अक्षरांची एक गोष्ट आपल्याला फार जवळची आहे. ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात 'जगदंबा' म्हणून ओळखली जाणारी तलवार आहे. १८७५-७६ च्या भारतभेटीत प्रिन्स ऑफ वेल्सना, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डना, ती कोल्हापूरच्या छत्रपतींकडून देण्यात आली. मूठ मराठी वळणाची, वर रत्ने जडवलेली. पाते मात्र युरोपीय, आणि त्यावर रोमन लिपीतली आय-एच-एस ही तीन अक्षरे ठोकलेली आहेत. इंग्रजी येणारा माणूस ती कोणाच्या तरी नावाची आद्याक्षरे समजतो. खरे तर ती येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरे आहेत. मधले जे एच दिसते ते ग्रीक 'ईटा', त्याचा उच्चार 'ई'. युरोपभरच्या लोहारांनी हे पवित्र चिन्ह पात्यांवर मारले आहे. ज्याच्या हाती ते पाते जाईल त्याला देवाने राखावे, एवढीच त्यामागची भावना. त्या लोहाराची प्रार्थना भवानीचे नाव घेणाऱ्यांच्या मुलखात आली, तिला इथली मूठ चढली, आणि ठसा कोणी घासून काढला नाही. या गोष्टीने मी प्रत्येक वेळी हलतो.

विळे, छत्री आणि चार घरांचा चौकोन

आपल्याकडच्या पात्यांवर सर्वांत जास्त भेटणारी खूण कोणती म्हणाल तर विळ्यांची जोडी. दोन कमानी समोरासमोर, त्यांच्या कडेला बारीक दाते, टोकांना कधी तीन तीन ठिपके. युरोपीय संग्राहक तिला 'पापण्या' म्हणतात, आपल्याला ती दाते असलेल्या विळ्यासारखी दिसते. ही खूण इटलीतल्या जिनोव्हा बंदराशी जोडली जाते. तिथून भूमध्य समुद्राच्या काठाने पाती पूर्वेकडे जात. मग जर्मनांनी ती उचलली, ऑस्ट्रियाच्या श्टायरमार्कमधल्या कारागिरांनी उचलली, कॉकेशसमध्ये तिच्यामुळे पात्याला 'गुर्दा' हे नाव पडले, आणि हिंदुस्थानातल्या व अफगाणिस्तानातल्या लोहारांनीही आपल्या वाकड्या तलवारींवर ती मनसोक्त मारली. तलवारीचे वाकडे देशी पाते आणि त्यावर विळे, असे दिसले तर ते पाते इथलेच असण्याचा संभव मोठा. इथला ठसा बहुधा उथळ असतो, दाते कमी किंवा असमान असतात, दोन विळे एकाच ठशाने मारण्याऐवजी वेगवेगळे, थोडे तिरके बसलेले असतात.

याला बनावट म्हणावे का? मला तो शब्द योग्य वाटत नाही. दुकानाच्या पाटीवर 'अस्सल पुणेरी' लिहिणाऱ्याचा जो हेतू, तोच या लोहाराचा. चांगल्या पात्यावर विळे असतात हे गिऱ्हाइकाला ठाऊक होते, म्हणून लोहाराने विळे मारले. खूण ठिकाणाची होती ती गुणाची झाली.

मोगली आणि दख्खनी पात्यांवर छत्री दिसते. छत्र हे राजेपणाचे चिन्ह, त्यामुळे सोन्यातली रेखीव छत्री असलेले पाते शाही सिलेखान्याशी जोडले जाते. शाहजहान आणि औरंगजेबाच्या तलवारींवर ती आहे. पण पुढे हीच छत्री साध्या पात्यांवरही पसरली, म्हणून एकट्या छत्रीवर बादशहाचे नाव ठरवता येत नाही.

चार घरांचा छोटा चौकोन मला सर्वांत आवडतो. प्रत्येक घरात एकेक आकडा: २, ४, ६, ८. कधी आकड्यांऐवजी अरबी अक्षरे असतात, ब, द, व, ह. दोन्ही एकच. अरबीत प्रत्येक अक्षराला एक किंमत ठरलेली आहे आणि या चार अक्षरांच्या किमती याच क्रमाने २, ४, ६, ८ येतात. त्यांचा मिळून शब्द होतो 'बुदूह'. त्याला कोशातला अर्थ नाही, तो रक्षणाचा मंत्राक्षरांसारखा शब्द आहे. पत्रांवर, ताइतांवर तो लिहीत. आपल्याकडे घराच्या चौकटीवर यंत्र लावतात तसे हे पात्यावरचे यंत्र. पुष्कळ लोक हे आकडे तारीख किंवा किंमत म्हणून वाचण्याचा खटाटोप करतात आणि मग काहीच जुळत नाही.

आकडे जुळवताना

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर तारखेबद्दल सांगून टाकतो. पात्यावरचा आकडा आधी तारीख आहे का हे पाहावे. युरोपातल्या सतराव्या-अठराव्या शतकांतल्या कित्येक पात्यांवर १४१४ हा आकडा आहे. ते साल नव्हे, शुभ समजलेला आकडा आहे. त्यावरून पाते सहाशे वर्षांचे ठरवणारे विक्रेते असतात.

आकडा तारीखच असेल तर सन कोणता? फारसी लेखाशेजारी असेल तर बहुधा हिजरी. हिजरी वर्ष चांद्र, म्हणून लहान. नुसते ६२२ मिळवून भागत नाही. आलेल्या सनाला ३३ ने भागायचे, जे येईल ते त्यातून वजा करायचे आणि मग ६२२ मिळवायचे. उदाहरणार्थ ११००. भागून साधारण ३३. अकराशेतून तेहतीस गेले, १०६७. त्यात ६२२, झाले १६८९. खरोखरही हिजरी ११०० हे १६८८-८९ मध्ये येते. फारसी आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका असतो आणि पाच हा उलट्या बदामासारखा दिसतो. ठिपका नक्षीचा समजून सोडून दिला की ११०० चे ११० होतात.

देवनागरी लेखाशेजारचा आकडा विक्रम संवत असेल तर ५७ वजा करावे, शालिवाहन शक असेल तर ७८ मिळवावे. मराठेशाहीच्या कागदांत चालणारा शुहूर सन असेल तर ५९९ मिळवावे, म्हणजे शुहूर ११५४ हे १७५३-५४ होते. राज्याभिषेक शक तर १६७४ पासूनच सुरू होतो. यातले काहीच बसत नसेल तर मग तो आकडा सिलेखान्यातला क्रमांक असण्याची शक्यता धरावी.

सिलेखान्यातल्या नोंदी मला राजचिन्हांपेक्षा जास्त भरवशाच्या वाटतात, कारण त्या कोणाला मिरवण्यासाठी लिहिलेल्या नसतात. बिकानेरच्या महाराजा अनूपसिंहांनी औरंगजेबाच्या बाजूने दख्खनच्या मोहिमा केल्या. १६८९ मध्ये दख्खनमधला अदोनीचा किल्ला पडला, तिथली शस्त्रे त्यांनी बिकानेरला नेली आणि त्यांवर देवनागरीत नोंदी घातल्या गेल्या. आज त्या वस्तू जगभरच्या संग्रहालयांत विखुरल्या आहेत, पण वस्तू दख्खनची की राजस्थानची हा प्रश्न त्या ठिपक्यांच्या ओळीने सुटतो.

साताऱ्याच्या राजघराण्याकडच्या तलवारीवर 'श्रीमंत सरकार राजमंडळ राजा शाहू कदीम अव्वल' असा लेख आहे. शेवटचे दोन शब्द वाचा. कदीम म्हणजे जुने, अव्वल म्हणजे पहिल्या प्रतीचे. ही स्तुती नव्हे, ही सिलेखान्याची प्रतवारी आहे. शस्त्रांची मोजदाद करताना जुनी कोणती, नवी कोणती, पहिल्या प्रतीची कोणती, असे कोणीतरी ठरवत असे. त्या अनामिक माणसाचे दोन शब्द राजाच्या नावाशेजारी कायमचे राहिले.

इंग्रजी अमदानीतल्या खुणा वाचायला सोप्या. बाणाचे टोक म्हणजे सरकारी माल. दोन बाण टोकाला टोक लावून मारले असतील तर तो माल सरकारने सेवेतून काढून विकला. आय-एस-डी ही अक्षरे हिंदुस्थानच्या भांडार खात्याची. 'गिल्स वॉरंटेड' असा मजकूर असलेली बर्मिंगहॅमची घोडदळी पाती कित्येकदा देशी तलवारीच्या मुठीत बसवलेली मिळतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कॅप्टन नोलन नावाच्या इंग्रज घोडदळी अधिकाऱ्याने निजामाच्या मुलखातल्या स्वारांकडे अशीच काढून टाकलेली इंग्रजी पाती पाहिली आणि तो थक्क झाला, कारण इंग्रजांच्या हातात बोथट असलेली तीच पाती इथे वस्तऱ्यासारखी चालत होती. स्वार ती लाकडी म्यानात ठेवत आणि गरजेशिवाय बाहेर काढत नसत. विल्किन्सन कंपनीच्या अधिकारी तलवारींच्या पाठीवर क्रमांक असतो. त्यांच्या नोंदवह्या १८५४ पासूनच्या उपलब्ध असल्याने त्यावरून कधी कधी पहिल्या गिऱ्हाइकाच्या नावापर्यंत पोचता येते.

जे खूण नाही

सगळ्यांत जास्त फसगत होते ती खूण नसलेल्या गोष्टींना खूण समजल्याने. पात्यावरच्या लांब पन्हळी वजन कमी करून ताठपणा राखण्यासाठी असतात. रक्त वाहून जाण्यासाठी असतात ही लोकप्रिय समजूत आहे, पण लोहाराने तसा विचार केलेला नाही. पाते सपाट पट्टीचे ठेवण्यापेक्षा पन्हळी पाडली तर ते हलकेही होते आणि वाकतही नाही, एवढे साधे गणित.

पात्याच्या अंगावरचे पाण्यासारखे नागमोडी नक्षीकाम ही देखील कोणी काढलेली नक्षी नसते. दक्षिणेतल्या मुशीत वितळवून केलेल्या पोलादाच्या, तेलुगू-कानडी मुलखात ज्याला उक्कू म्हणतात त्याच्या, घडणीतच ती असते. तेलंगणातले कोनासमुद्रम हे गाव अशा पोलादासाठी नावाजलेले होते. त्याच्या वड्या इराणपर्यंत जात. हे पोलाद थंड होताना त्यात कार्बनचे कण थरांनी जमतात, आणि पाते घासून त्यावर सौम्य आम्ल फिरवले की ते थर उजळ-काळे दिसू लागतात. त्यात ठरावीक अंतरावर आडव्या पट्ट्या दिसल्या तर त्याला 'चाळीस पायऱ्या' म्हणतात. त्या मात्र कारागिराने मुद्दाम साधलेल्या: शेवटच्या ठोकणीआधी पात्यावर आडव्या खाचा पाडून मग पृष्ठभाग पुन्हा सपाट केला की थर वाकतात आणि शिडी उमटते. आजकाल साध्या पोलादावर आम्लाने असली नक्षी काढून विकतात. ओळखायला एक उपाय: अस्सल नक्षी धारेपर्यंत आणि पाठीवरही सलग जाते, ती खरवडून पुन्हा उजळली तरी तशीच येते. खोटी पृष्ठभागावरच संपते.

आणखी एक, मुठीजवळचा भाग. आपल्याकडे पाते मुठीत लाखेने किंवा राळेने बसवत. तापवले की सुटते. त्यामुळे एका पात्याला तीन मुठी लागल्या, एका मुठीत दोन पाती आली, हे सर्रास घडले. फिरंगीला तर मुठीकडून खाली लोखंडी पट्ट्या जोडून बळकटी देत, आणि नेमकी तिथेच युरोपीय कारागिराची खूण झाकली जाते. पट्टीखालून अर्धे अक्षर डोकावत असेल तर उरलेले तिच्याखाली आहे असे समजावे आणि ते पाहण्यासाठी पट्टी उचकटू नये. मोडलेल्या फिरंगीच्या तुकड्यांतून कट्यारीही घडल्या. तंजावरच्या मराठा राजांच्या शस्त्रागारातल्या कट्यारींत युरोपीय पाती बसवलेली आहेत. अशा तुकड्यावर लेखाचा मधलाच भाग उरतो, आणि तो वाचताना दोन्ही बाजूंची अक्षरे हरवली आहेत हे ध्यानात ठेवावे लागते.

घरी तलवार असेल तर

या खुणांचे सर्वांत मोठे नुकसान गंजाने होत नाही, आपल्या प्रेमाने होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी चिंच, लिंबू, राख, अलीकडे तर पॉलिश पेपर घेऊन पाते चकाकेपर्यंत घासायचे ही आपली रीत. शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारे, हे काम करत तेव्हा त्यांना किती घासायचे ते ठाऊक होते, आपल्याला नसते. छिन्नीची लांडग्याची रेघ केसाएवढी खोल. पन्नास दसरे असे गेले की ती संपते. कोफ्तगिरीचे सोने तर त्याहून आधी जाते.

त्याऐवजी मऊ सुती कापडाने धूळ पुसावी, हलके यंत्राचे तेल अगदी पातळ लावावे आणि हळदकुंकू पात्याऐवजी मुठीला किंवा पाटाला लावावे. ओले कुंकू पात्यावर रात्रभर राहिले की तिथे गंजाचा डाग बसतो. चामड्याच्या जुन्या म्यानात पाते कायमचे ठेवू नये, त्यात ओल धरते.

खूण पाहायची तर खोलीत अंधार करून टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून कडेने धरावा. वरून प्रकाश पडला की पाते नुसते चमकते, कडेने पडला की प्रत्येक रेघेची सावली उभी राहते. शाळेत नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवायचो, तसा पातळ कागद खुणेवर धरून मऊ पेन्सिल हलक्या हाताने फिरवली तर ठसा कागदावर येतो. धारेकडे बोटे नकोत, जुनी धार झोपलेली वाटते पण नसते. त्या कागदावर मुठीपासूनचे अंतर सेंटिमीटरमध्ये लिहावे, खूण पात्याच्या कोणत्या बाजूला आहे ते लिहावे, आणि दुसरी बाजूही पाहावी, कारण जोडी बहुधा समोरच असते. मग पुण्याच्या केळकर संग्रहालयात किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाऊन शस्त्रांच्या दालनात आपला कागद हातात घेऊन उभे राहावे. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा खरेदी-विक्रीचा विचार असेल तर त्याआधी नियम पाहून घ्यावेत.

गेल्या खंडेनवमीला मी आजोळच्या फिरंगीचा असा कागद काढला. लांडग्याचे मागचे दोन पाय आता उठत नाहीत, ते घासून गेले आहेत. पण पात्याच्या दुसऱ्या बाजूला, गंजाच्या पुटाखाली, त्याच अंतरावर आणखी चार रेघा उमटल्या. त्या कशाच्या आहेत हे अजून नीट कळलेले नाही. तेवढ्या भागाला कोणी कापड लावायचे नाही, असे मामांनी यंदा सगळ्यांना बजावून ठेवले आहे.